खांबावरचं बूच

आमच्या धंद्यात घाण एका घरातून येते आणि शिव्या अख्ख्या वस्तीच्या मला बसतात. घाण हा आमचा शब्द, पुस्तकात त्याला नॉइज म्हणतात. टीव्हीची वायर घरात जाते तशी ती घरातून बाहेरही येते, हे लोकांच्या गावीही नसतं. चित्र वरच्या फ्रिक्वेन्सीवर घरात जातं, ते डाउनस्ट्रीम. तुमच्या मोडेमचं बोलणं खालच्या फ्रिक्वेन्सीवर बाहेर येतं, ते अपस्ट्रीम. जाताना एकाचे तीनशे होतात, येताना तीनशेंचं एक होतं, नरसाळ्यासारखं. म्हणून तीनशेपैकी एका घरात कनेक्टर सैल असला किंवा उंदराने वायर कुरतडली असली, की त्या फटीतून मिक्सर, ट्यूबलाइट, शेजाऱ्याचं ड्रिल, सगळ्यांचा खरखराट आत शिरतो आणि नरसाळ्याच्या तोंडाशी जमा होतो. मग तीनशे घरांचं इंटरनेट रडत बसतं आणि सगळे मला फोन करतात.

त्या गुरुवारी सकाळी असंच झालं. कोपऱ्यावरच्या नोड नावाच्या पेटीपासून मी सुरुवात केली. घाण शोधायला अजून तरी कुठलंही हुशार यंत्र निघालेलं नाही. खांबामागून खांब चढायचं, प्रत्येक घराची वायर क्षणभर काढायची आणि मीटरकडे बघायचं. मीटरच्या पडद्यावर घाण गवतासारखी दिसते. ज्या घराची वायर काढल्यावर गवत एकदम खाली बसेल, ते घर चोर.

अकराच्या सुमारास मी सातव्या खांबावर होतो. खांबाच्या वर टॅप असतो, एक चपटी डबी, तिला आठ तोंडं, प्रत्येक तोंडातून एका घराला वायर. पाचव्या तोंडाची वायर काढली आणि गवत भुईसपाट झालं. मी वायरीच्या मागे नजर नेली. वायर जात होती हिरव्या दाराच्या घरात, आणि ते घर माझ्या वहिनीचं होतं.

नऊ वर्षं मी त्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं.

ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. दादा आणि मी मिळून केबल सुरू केली तेव्हा मला मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. गच्चीवर एक डिश, माडीवरच्या खोलीत यंत्रं, बारा चॅनेल आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर फेकलेल्या वायरी. दादा मुळात मास्तर व्हायचा तो चुकून केबलवाला झाला. प्रत्येक शब्द मला वहीत लिहायला लावायचा. स्प्लिटर म्हणजे वाटणारा. अॅम्प्लिफायर म्हणजे दमलेल्या सिग्नलला हात देणारा. टर्मिनेटर म्हणजे रिकाम्या तोंडाला लावायचं टोपण. आणि त्याचा एक नियम होता, तो त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला होता: आधी बेल, मग शिडी. कुणाच्याही वायरीला हात लावण्याआधी त्या घराची बेल वाजवायची. "अरे, आपल्या घरावर कोण लोंबकळतंय हे आतल्या माणसाला कळायला नको?" तो म्हणायचा. "आणि अर्धा बिघाड घरातच असतो, शहाण्या. विचारल्याशिवाय कळणार कसा?"

मग डिजिटल आलं. कंपनी आली, मी कंपनीत गेलो, दादा गेला नाही. ठरलेल्या तारखेला जुनं ॲनालॉग प्रसारण सगळीकडे बंद करायचा हुकूम निघाला, आणि दादाची खोली बंद करायला साहेबाने नेमकं मलाच पाठवलं. मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. दादा खुर्चीत बसून होता आणि मी त्याच्यादेखत एकेक बटण खाली केलं. बारा चॅनेलांवर मुंग्या आल्या. वर्षाच्या आत दादा गेला. तेव्हा वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तार तुम्हीच कापलीत, भावोजी."

मी ताडकन उठून निघून आलो. रागाने आलो असं नऊ वर्षं सांगत होतो. खरं सांगायचं तर शरमेने आलो होतो. जुन्या ॲनालॉगचं एक बरं होतं. सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतून माणूस दिसायचा, आवाज ऐकू यायचा. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत सगळं लख्ख, तिच्याखाली घसरलं की चित्राचे ठोकळे होतात आणि मग काळा पडदा. आमचं डिजिटल झालं.

तर गुरुवार. मी खांबावर, खाली वीस पावलांवर हिरवं दार, दाराशेजारी तीच पांढरी बेल, मीच कधीकाळी बसवलेली. आत जायचं, सैल कनेक्टर शोधायचा, बदलायचा, दहा मिनिटांचं काम. कंपनीने दिलेल्या टॅबवर घराची माहिती बघितली: फक्त टीव्ही, मोडेम नाही. आणि मला पळवाट सापडली.

पिशवीत माझ्याकडे बोटभर लांबीची पितळी नळी असते. कागदोपत्री ती फिल्टर, आमच्यात तिला बूच म्हणतात. टॅप आणि घराची वायर यांच्यामध्ये ती पिळून बसवली की वरच्या फ्रिक्वेन्सी आत जातात आणि खालच्या बाहेर येत नाहीत. म्हणजे टीव्ही झकास दिसतो आणि त्या घरातून बाहेर हूं की चूं येत नाही. तोंड दाबून ठेवायचं, झालं. बूच ही तात्पुरती मलमपट्टी आहे आणि तिचे नियम आहेत: आधी बेल वाजवायची, घरात मोडेम नाही ना हे डोळ्यांनी बघायचं, बूच लावल्याची नोंद करायची, दोन दिवसांत येऊन खरी दुरुस्ती करायची. मी यातलं एकही केलं नाही. बूच पिळलं, खाली उतरलो आणि नोंद केली: नॉइज गेला. ग्राहक घरी नाही. पुढची भेट सोमवारी.

बुचाचा उल्लेख केला नाही, कारण केला असता तर नियम पाळले का ते विचारलं असतं. सोमवारी मी गेलोही नाही. कामं होती. कामं रोजच असतात.

बुधवारी दुपारी पुतणीचा फोन आला. ती चाळिशीला आली तरी घरात अजून छकुलीच. तीही माझ्याशी नऊ वर्षांत सणावारापुरतंच बोललेली.

"काका, आई पडली," ती म्हणाली. "काल सकाळी आठला, बाथरूममध्ये. मी तीनला गेले तेव्हा सापडली. खुब्याचं हाड मोडलंय. सात तास ओल्या फरशीवर होती, काका."

"अगं, कुणाला हाक नाही मारली?"

"तेच तर! गळ्यात बटण होतं तिच्या. मी तीन आठवड्यांपूर्वी बसवून घेतलं. दाबलं की मदत केंद्राला फोन जातो. तुमच्याच कंपनीचं नेट घेतलं त्याच्यासाठी. केंद्रवाले म्हणतात, आमच्याकडे एकही कॉल आला नाही. आई म्हणते, वीस वेळा दाबलं. तुम्ही त्यातले आहात. जरा येऊन बघाल मशीन?"

तीन आठवड्यांपूर्वी नेट घेतलं होतं. माझ्या टॅबवरची यादी महिन्यातून एकदा बदलते. घरात मोडेम आहे हे एक बेल वाजवली असती तर कळलं असतं. ते बटण मोडेमशी बोलतं, मोडेम वायरीतून बाहेर बोलतो, आणि वायरीच्या तोंडाला मी बूच मारून ठेवलं होतं.

मी गेलो. मी आधी दारात गेलो नाही, आधी खांबाशी गेलो. शिडी लावली, बूच काढलं, खिशात टाकलं, मग बेल वाजवली. दादाचा नियम त्याच्याच घरापाशी दुसऱ्यांदा उलटा केला.

छकुलीने दार उघडलं. घर तसंच होतं. टीव्ही त्याच फळीवर, शेजारी नवा मोडेम, आणि गळ्यातल्या बटणाची हाक मोडेमला पोचवणारा पांढरा डबा. डब्यावर टॉवेलाची चौघडी घालून ठेवलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"आईचे उद्योग. म्हणे डबा चार दिवस टीं टीं करत होता, झोपू देत नव्हता, म्हणून पांघरूण घातलं त्याला." ती हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. "मला सांगायचं ना! म्हणाली, तुला कशाला सारखा त्रास."

लाइन गेली की तो डबा टीं टीं करतो. तेवढ्यासाठीच तो आवाज असतो. टॅब काढून मोडेमची नोंदवही उघडली. प्रत्येक मोडेमच्या पोटात अशी वही असते. लाइन सापडेनाशी झाली की मोडेम नोडला हाक मारतो. उत्तर आलं नाही की आवाज थोडा वाढवून पुन्हा मारतो. वाढवत वाढवत वरच्या मर्यादेला पोचला की पुन्हा खालून सुरुवात. गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांपासून वहीत त्याच ओळी होत्या. हाक मारली, उत्तर नाही. पानंच्या पानं तेवढंच होतं. मंगळवारी सकाळी आठलाही तेच होतं.

"काका, चालू आहे का ते?"

मी डब्यावरचं बटण दाबलं. दहा सेकंदांत एका बाईचा गोड आवाज आला, "बोला आजी, काय मदत हवी?" छकुलीने "चाचणी करतोय" म्हणून सांगितलं आणि ती मटकन खाली बसली.

"म्हणजे मशीन धडधडीत चालतंय," ती म्हणाली. "म्हणजे आईनेच दाबलं नाही. दाबलं असं तिला वाटतंय नुसतं. काका, तिचं डोकं काम करेनासं झालंय हो. डॉक्टरही विचारत होते, विसरतात का म्हणून. मी एक जागा बघितलीये, तिथे चोवीस तास माणसं असतात. शनिवारी सही करायचीये, मग हे घर बंद. ती ऐकत नाही, एकच धोशा, मी दाबलं होतं, मी दाबलं होतं. मी काय करू, तुम्ही सांगा."

तेव्हाच सांगायचं होतं. खिशात बूच मांडीला टोचत होतं. मी म्हणालो, "बघू." पन्नाशी उलटलेला माणूस, आणि तोंडातून एवढंच निघालं.

गुरुवारी साहेबाने बोलावलं. साहेबाला आम्ही डेसिबल म्हणतो, कारण तो आकड्यांतच बोलतो आणि मोठ्याने बोलतो. मदत केंद्राचं पत्र आलं होतं, त्या घराची लाइन बंद होती का म्हणून विचारणारं.

"तुमची नोंद बघितली," साहेब म्हणाला. "नॉइज गेला, ग्राहक घरी नाही. आज लेव्हल एकदम बरोबर आहे. आपल्या बाजूने सगळं स्वच्छ. म्हाताऱ्या माणसाने प्लग काढला असेल, दुसरं काय?"

"मोडेमच्या वहीत—"

"वही कुणी मागितलीये का?" त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. साहेब मूर्ख नव्हता. "निवृत्तीला किती राहिली तुमची? तीन वर्षं? झाकली मूठ आहे, झाकलेलीच ठेवा. मी लिहितो, लाइन ठीक होती."

मी मान डोलावली. जिना उतरताना सुटल्यासारखं वाटलं, हेही लपवत नाही. तळमजल्यावर पोचेपर्यंत ते ओसरलं. लाइन ठीक होती असं लिहिलं, की वहिनी खोट्या ठरल्या. आणि खोट्या म्हणजे लबाड नाही. लबाड म्हटलं असतं तर त्या भांडल्या असत्या. भ्रमिष्ट ठरल्या. त्याला भांडून उपयोग नसतो, जितकं भांडावं तितकं ते खरं वाटतं.

शुक्रवारी दुपारी मी इस्पितळात गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. खरं म्हणजे ठरवलं होतं, की तब्येतीची चौकशी करून परत यायचं. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या, खूप बारीक झालेल्या. गळ्यातलं बटण त्यांनी हातात घेतलं होतं आणि अंगठ्याने दाबून बघत होत्या. इथे त्याचा कशाशी संबंध नव्हता, त्याचा छोटा लाल दिवा नुसता लागायचा. दाबायच्या, दिव्याकडे बघायच्या, पुन्हा दाबायच्या.

"हे बघ, आता लागतोय दिवा," त्या छकुलीला म्हणाल्या. "तेव्हाही लागलेला बघितल्यासारखं वाटतं. पण काय सांगावं. नसेलही दाबलं. फरशीवर पडल्यावर माणसाला काहीही वाटतं." मग थोड्या वेळाने, "कर सही. उगाच तुझ्या जिवाला घोर नको. मीच चुकले असेन."

दादाला, कंपनीला किंवा मला ही बाई आयुष्यात एकदाही "मीच चुकले" म्हणाली नव्हती. चुकली तरी म्हणाली नव्हती. मी दार ढकलून आत गेलो आणि खिशातलं बूच काढून त्यांच्या पांघरुणावर ठेवलं.

"तुम्ही दाबलं होतं, वहिनी," मी म्हणालो. "वीस वेळा दाबलं असेल तर वीसही वेळा दाबलं होतं. मी हे तुमच्या वायरीला लावून ठेवलं होतं. याने टीव्ही दिसतो, पण घरातून बाहेर काही जात नाही. तुमची हाक खांबापर्यंत गेली आणि तिथे अडली. तो डबा टीं टीं करत होता तो याच्यामुळेच. बुधवारी मी ते गुपचूप काढलं आणि मग तुमच्या लेकीला मशीन चालू करून दाखवलं."

छकुली उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काका, मी उद्या सही करणार होते. तुमच्यासमोर रडले मी त्या दिवशी. आणि तुम्ही बघू म्हणालात?"

"हो."

"आई सात तास तिथे—"

"हो," मी म्हणालो. ती पदराआड रडणाऱ्यांतली नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले.

वहिनींनी बूच उचललं. उलटंसुलटं करून बघितलं, एका टोकाने डोळ्याला लावून बघितलं, जणू आरपार दिसेल. दादाच्या हाताखाली त्यांनीही वर्षानुवर्षं वायरी सोलल्या होत्या.

"हे लावताना घरात विचारायचं असतं ना?" त्या म्हणाल्या.

"असतं."

"मग तुम्ही नोंद काय केलीत?"

मी खाली बघितलं. एवढं सगळं सांगून झाल्यावर हे तीन शब्द जास्त जड गेले. "ग्राहक घरी नाही."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"गुरुवारी तुम्हाला खांबावर बघितलं मी," वहिनी म्हणाल्या. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून. केस पांढरे झालेत तुमचे, पण शिडी चढताना अजून डावा पाय आधी टाकता, त्यावरून ओळखलं. दोन कप चहाचं आधण ठेवलं. बेल ऐकू यावी म्हणून टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि बसून राहिले." त्यांनी बूच माझ्या हातात परत दिलं. "बारा वाजेपर्यंत बसले होते, भावोजी."

मी टॅब मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसलो. थोड्या वेळाने त्यांनीच माझ्या मांडीवरच्या टॅबकडे बोट केलं. "ते आधी नीट करा."

जुनी नोंद पुसता येत नाही, तिच्याखाली नवी ओळ घालता येते, आणि ती त्याच क्षणी साहेबाच्या टेबलावर जाते. मी त्यांच्यासमोर एकेक अक्षर लिहिलं: न विचारता फिल्टर लावला, बुधवारपर्यंत ठेवला, मोडेमची वही सोबत जोडली आहे. त्या वाचत होत्या. "अजून एक राहिलं," त्या म्हणाल्या. मग मी शेवटची ओळ लिहिली: ग्राहक घरी होत्या. बेल मी वाजवली नाही.